पालीची शेपटी उगवते, मग आपलं बोट का नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या शाळा-कॉलेजांत जीवशास्त्रावर बोलायला गेलं की विषय कोणताही असो, शेवटी हात वर होतात ते याच प्रश्नांसाठी. मुलं पालीबद्दल विचारतात. भोसरी, चाकण, पिरंगुट या कारखान्यांच्या भागांतले पालक वेगळ्या कारणाने थांबतात. कुणाच्या घरात पॉवर प्रेसखाली बोटं गेलेली असतात, कुणाच्या वडिलांना हार्ट अटॅक येऊन गेलेला असतो. त्यांना निसर्गाच्या गमतीजमती सांगून भागत नाही. म्हणून जे पक्कं ठाऊक आहे ते इथे सविस्तर लिहिलं आहे.

माणसाच्या शरीरात काहीच परत उगवत नाही का?

उगवतं, आणि भरपूर उगवतं. आतड्याचं आतलं अस्तर तीन ते पाच दिवसांत बदलतं. त्वचेचा वरचा थर साधारण महिन्याभरात नवा होतो. तांबड्या रक्तपेशी १२० दिवस जगतात, त्यामुळे अस्थिमज्जेला दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास नव्या पेशी तयार कराव्या लागतात. मोडलेलं हाड नीट बसवलं तर जोडाच्या जागी खरं हाडच येतं, काही वर्षांनी एक्स-रेमध्ये खूणही शोधावी लागते. गर्भाशयाचं अस्तर दर पाळीला झडतं आणि वण न राहता पुन्हा तयार होतं. तीस-पस्तीस वर्षं हे चालू असतं, पण पुनर्जननाच्या यादीत त्याचं नाव क्वचितच घेतलं जातं. मी ते दर वेळी आवर्जून घेते.

या सगळ्यात आराखडा मात्र जागेवर असतो. आतडं आहे, त्याचं अस्तर बदलतंय. हाड आहे, त्याची भेग भरतेय. तुटलेल्या बोटाच्या बाबतीत हाड, सांधा, स्नायूबंध, रक्तवाहिन्या, नसा, त्वचा आणि नख हे सगळं एकाच वेळी, योग्य क्रमाने आणि योग्य जागी नव्याने बांधावं लागेल. तिथे आपलं शरीर थांबतं.

नेमकं कुठे अडतं?

हे समजायला अ‍ॅक्सोलॉटलकडे बघावं लागतं. मेक्सिकोतल्या झोचिमिल्कोच्या पाण्यात राहणारा हा उभयचर प्राणी. त्याचा पाय तोडला तर काही तासांतच आजूबाजूच्या त्वचेच्या पेशी सरकत येऊन जखम झाकतात. इथपर्यंत आपल्यातही असंच होतं, फक्त सावकाश. पण त्यानंतर अ‍ॅक्सोलॉटलमध्ये ती त्वचा जाड होऊन खालच्या पेशींना संकेत देऊ लागते. तुटलेल्या टोकातल्या नसा वाढून तिथे पोचतात. आजूबाजूच्या पेशी आपलं ठरलेलं काम सोडून पुन्हा विभाजनाला तयार होतात आणि टोकाशी एक कोंबासारखा उंचवटा येतो. त्याला ब्लास्टेमा म्हणतात. लहान वयाच्या अ‍ॅक्सोलॉटलमध्ये दीड-दोन महिन्यांत त्यातून बोटांसकट पाय तयार होतो.

पूर्वी असा समज होता की ब्लास्टेमातल्या पेशी सगळं विसरून कोऱ्या होतात. २००९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी चमकणारी प्रथिनं वापरून एकेका पेशीचा माग काढला, तेव्हा चित्र वेगळंच दिसलं. स्नायूपासून आलेल्या पेशी पुढेही स्नायूच बनवत होत्या, नसांभोवतीच्या पेशी नसांचंच आवरण बनवत होत्या. त्वचेखालच्या काही पेशींना आपण हाताच्या कोणत्या भागातल्या आहोत हेही ठाऊक होतं. मनगटाशी तोडलं तर मनगटापासून पुढचंच बांधलं जातं, खांद्याशी तोडलं तर अख्खा हात. पत्ता लक्षात ठेवणाऱ्या या पेशी मला या विषयातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो.

आपल्यात पहिल्या काही तासांतच गाडी दुसऱ्या रुळावर जाते. रक्त गोठतं, प्रतिकारपेशींची गर्दी होते, दाह होतो, मग फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी येऊन कोलॅजनचे जाड धागे घाईघाईने रचतात. हाच वण. भर पावसात कौलं फुटली की आपण सुतार शोधत बसत नाही, आधी ताडपत्री टाकतो. शरीरही तेच करतं. एकदा तो घट्ट थर बसला की नसांचे संकेत आणि पेशींचे निरोप त्यातून पलीकडे पोचत नाहीत, आणि ब्लास्टेमाला जागाच उरत नाही.

नसांचं महत्त्व मार्कस सिंगर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात दाखवून दिलं. नसा कापून टाकल्या तर सॅलमँडरचा, म्हणजे अ‍ॅक्सोलॉटलच्या कुळातल्या उभयचरांचा, पायही उगवत नाही. आणि २०१३ मधल्या एका प्रयोगात अ‍ॅक्सोलॉटलच्या शरीरातल्या मॅक्रोफेज या प्रतिकारपेशी काढून टाकल्या, तर त्याच्याही पायाच्या टोकाशी आपल्यासारखाच वण आला. म्हणजे ‘प्रतिकारशक्ती कमी तेवढं पुनर्जनन जास्त’ हे सोपं गणित चालत नाही. प्रतिकारपेशी काय काम करतात, यावर सगळं आहे.

पाल तर आपल्या घरातली. तिला जमतं ते आपल्याला का नाही?

पालीलाही सगळं जमत नाही. शेपटीच्या मणक्यांमध्ये आधीपासून तुटण्याच्या जागा असतात, तिथेच ती स्नायू आवळून शेपूट सोडते. नवी शेपटी हुबेहूब जुन्यासारखी नसते. आत मणक्यांची माळ नसते, कूर्चेची एक सलग नळी असते. रंग आणि खवल्यांची ठेवणही बहुधा वेगळी दिसते. भिंतीवरची पाल नीट पाहिलीत तर शेपटी कुठून नवी आहे ते ओळखता येईल. आणि पालीचा पाय तुटला तर तो येत नाही. एकाच प्राण्यात एक भाग उगवतो आणि दुसऱ्याला वण येतो, यावरून एवढं कळतं की ही शक्ती अख्ख्या प्राण्याला मिळते किंवा मिळत नाही असं नसतं. ती अवयवागणिक ठरते.

ही क्षमता आपल्या पूर्वजांकडे होती का?

अगदी जुन्या पूर्वजांच्या आसपासच्या प्राण्यांकडे होती असं म्हणायला आधार आहे. जर्मनीत सापडलेल्या सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वीच्या उभयचरांच्या जीवाश्मांत पाय पुन्हा उगवताना बोटांमध्ये होणारे ठरावीक दोष दिसतात, जे आजच्या सॅलमँडरमध्येही दिसतात. म्हणजे पाय उगवणं ही सॅलमँडरची नवी करामत दिसत नाही. जुना वारसा आहे, आणि सरपटणारे प्राणी, पक्षी, सस्तन प्राणी यांच्याकडे जाणाऱ्या फांद्यांवर तो हळूहळू गळत गेला.

का गळला याचं एकच कारण नाही, आणि एकच कारण ठामपणे सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. काही कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिलं, वेळ. थंड रक्ताचा प्राणी आठवडेच्या आठवडे न खाता एका जागी पडून राहू शकतो. उष्ण रक्ताच्या प्राण्याला रोज खायला लागतं, उघडी जखम महिनोन्‌महिने सांभाळणं त्याला परवडत नाही. जंतूंनी किंवा रक्तस्रावाने तो आधीच मरेल. ज्यांची जखम पटकन बंद झाली ते जगले आणि त्यांची पिल्लं झाली. आपण त्यांचे वंशज.

दुसरं, आकार. आईच्या पोटात चौथ्या आठवड्यात हाताचा कोंब दिसतो आणि आठव्या आठवड्यापर्यंत बोटं सुटी होतात, पण तो हात तेव्हा काही मिलिमीटरचा असतो. त्याचा मोठ्या माणसाचा हात व्हायला पंधरा-सोळा वर्षं जातात. उद्या आपल्या खांद्याशी ब्लास्टेमा तयार झाला तरी कामाचा हात कधी मिळणार, हा प्रश्न उरतोच.

तिसरं, संप्रेरकं. शरीराचं तापमान टिकवायला थायरॉइडची जी संप्रेरकं लागतात, त्यांचा हृदयाच्या पेशींची विभाजनक्षमता संपण्याशी संबंध असल्याचं २०१९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसलं.

याला अपवादही आहेत. आफ्रिकेतला काटेरी उंदीर, अ‍ॅकोमिस, शिकाऱ्याच्या तोंडात आपली कातडी सोडून पळतो आणि पाठीवरची अर्ध्याहून जास्त त्वचा केसांसकट परत आणतो. तो सस्तनच आहे, आपल्यासारखाच उष्ण रक्ताचा. त्यामुळे ‘सस्तन प्राण्यांना शक्यच नाही’ असं म्हणून विषय संपवता येत नाही.

कॅन्सरचा याच्याशी काय संबंध?

जवळचा. अवयव उगवायचा तर पेशींनी भराभर विभाजित व्हायला हवं. गाठ वाढताना पेशी नेमकं तेच करतात, फक्त थांबायचं कुठे हे भान त्यांना उरत नाही. सस्तन प्राण्यांत पेशींना विभाजनापासून रोखणारे पहारेकरी जास्त कडक आहेत. २०१० मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी उंदराच्या स्नायूपेशींमधले आरबी आणि एआरएफ हे दोन पहारेकरी एकदम बंद केले, तेव्हा ज्या पेशी कायमच्या थांबल्या असं मानलं जात होतं त्या पुन्हा विभाजित होऊ लागल्या. यातला एआरएफ सस्तनांकडे आहे, पुनर्जननात पटाईत असलेल्या प्राण्यांकडे तो नाही. पण हेच पहारेकरी आपल्याला कॅन्सरपासून वाचवतात. ते काढून टाकून बोट उगवण्याची कल्पना ऐकायला बरी वाटते, मी मात्र ती कुणालाही सुचवणार नाही.

तरी पुनर्जनन म्हणजे कॅन्सर असंही समीकरण नाही. अ‍ॅक्सोलॉटल आणि न्यूट (हाही एक सॅलमँडरच) आयुष्यभर अवयव उगवतात, आणि त्यांच्यात गाठी कमीच आढळतात. विभाजन सुरू करायचं आणि वेळेवर थांबवायचं, दोन्ही त्यांना येतं.

लहान मुलाच्या बोटाचं टोक परत येतं म्हणतात. खरं?

खरं आहे. १९७४ मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या डॉक्टर सिंथिया इलिंगवर्थ यांनी दारात चेंगरून बोटाची टोकं तुटलेल्या मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. जखम शिवून न टाकता साधी स्वच्छ पट्टी बांधून ठेवली, तर टोक नखासकट आणि बऱ्यापैकी गोलाईसकट परत येत होतं. अट एकच: नखाच्या मुळाचा काही भाग शिल्लक हवा. मोठ्या माणसांतही थोडंफार होतं, मुलांइतकं नाही.

नखाचं काय एवढं? उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की नखाखालच्या मूलपेशी (स्टेम सेल, म्हणजे ज्यांतून नव्या पेशी तयार होतात त्या) नख वाढवत असतानाच संकेत सोडतात. त्या संकेतांनी नसा तिथे ओढल्या जातात आणि खालचं हाडही वाढायला लागतं. नखाच्या मुळापलीकडे तोडलं की ते संकेत संपतात, आणि वण येतो. दोन-तीन मिलिमीटरचा फरक आणि निकाल पूर्ण वेगळा.

म्हणून घरी पट्टी बांधून वाट बघत बसायचं का? नाही. मुलाला हाताच्या सर्जनकडे त्याच दिवशी न्या. पट्टीवर ठेवायचं की शिवायचं हे त्यांनी ठरवायचं.

कारखान्यात बोट तुटलं तर काय करायचं?

हा प्रश्न पुनर्जननाचा नाही, पण पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात राहणाऱ्यांनी हे पाठच करून ठेवावं. उगवून येणार नाही म्हणूनच तुटलेला तुकडा जपायचा.

जखमेवर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा आणि हात वर ठेवा. वायरने, सुतळीने करकचून बांधू नका. तुटलेला भाग ओल्या करून पिळलेल्या स्वच्छ कापडात गुंडाळा. ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा. ही पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवला तर त्याच्या पेशी गोठून मरतात. हळद, डेटॉल, स्पिरिट लावलं तरी नुकसानच होतं. लहान तुकडा असला तरी टाकून देऊ नका, त्यातली त्वचा वापरता येते. जखमी माणसाला काही खायला-प्यायला देऊ नका, कारण भूल द्यावी लागेल. १०८ ला फोन करा, आणि जिथे मायक्रोसर्जरी होते अशाच रुग्णालयात आधी फोन करून जा. दोन ठिकाणी फिरण्यात वेळ जातो आणि तोच वेळ मोलाचा असतो. बोटात स्नायू फारसा नसतो, त्यामुळे नीट थंड ठेवलेलं बोट बरेच तास टिकतं. मनगटावरून किंवा त्याच्या वरून हात तुटला असेल तर स्नायूंमुळे मुदत सहा तासांच्या आसपास असते.

जोडल्यावर रक्त लगेच खेळतं, स्पर्श मात्र लगेच येत नाही. हातापायातल्या नसा रोज साधारण एक मिलिमीटर वाढतात. मनगटाशी शिवलेली नस बोटाच्या टोकाला पोचायला पाच-सहा महिने लागतात. या काळात ‘ऑपरेशन फसलं’ म्हणून व्यायाम सोडणारे लोक मी पाहिले आहेत. सोडू नका.

नसा वाढतात, मग पाठीच्या कण्याला मार लागल्यावर पाय का जातात?

कारण मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूतल्या नसांभोवती वेगळ्या पेशी असतात. हातापायातल्या नसांभोवतीच्या पेशी कचरा साफ करतात आणि वाढीला वाट करून देतात. मज्जारज्जूतल्या आवरणात नोगोसारखी प्रथिनं असतात, ती वाढीला अडवतात. वर तिथेही एक प्रकारचा वण तयार होतो. मेंदूतल्या अब्जावधी जोडण्या रोज नव्याने उगवत राहिल्या असत्या तर शिकलेलं टिकलं असतं का, असाही एक विचार मांडला जातो, आणि तो मला पटतो.

लिव्हर कापून दिलं तरी परत वाढतं ना?

हो. १९३१ मध्ये हिगिन्स आणि अँडरसन यांनी उंदराच्या यकृताचा दोनतृतीयांश भाग काढला आणि उरलेला आठवडा-दोन आठवड्यांत मूळ वजनापर्यंत वाढला. माणसात जिवंत दात्याकडून यकृताचा उजवा भाग, म्हणजे निम्म्याहून अधिक यकृत, काढलं जातं आणि दात्याचं यकृत काही महिन्यांत बरंचसं पूर्ववत होतं. पुण्यातही अशी प्रत्यारोपणं होतात. मेंदूमृत दात्यांच्या अवयवांचं वाटप इथलं झेडटीसीसी, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र बघतं.

पण कापलेला भाग परत उगवत नाही. उरलेला भाग फुगतो. वजन येतं, आकार पूर्वीचा येत नाही. आणि हे निरोगी यकृताचं. वर्षानुवर्षं दारू, हिपॅटायटिस बी-सी किंवा चरबीचा मारा झाला तर तिथेही वणच वाढत जातो, त्याला सिऱ्होसिस म्हणतात. ‘लिव्हर काय, परत येतं’ असं म्हणत ग्लास भरणाऱ्यांना हे घरच्यांनी प्रेमाने, पण स्पष्ट सांगावं.

हृदयाचं काय?

हृदय जवळजवळ परत उगवत नाही. हे मोजलं कसं, ते ऐकण्यासारखं आहे. १९५०-६० च्या दशकांत अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ वाढला, नंतर तो हळूहळू उतरला. पेशी ज्या वर्षी जन्मते त्या वर्षीच्या हवेतला कार्बन तिच्या डीएनएमध्ये बसतो. २००९ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी त्यावरून हृदयाच्या स्नायूपेशींचं वय काढलं. पंचविसाव्या वर्षी दरसाल सुमारे एक टक्का पेशी नव्या होतात, पंचाहत्तराव्या वर्षी हे प्रमाण अर्ध्या टक्क्याखाली येतं. जन्मभरात निम्म्याही बदलत नाहीत. मोठ्या हार्ट अटॅकमध्ये शंभर कोटींपर्यंत पेशी मरू शकतात, तेव्हा हा वेग कुठे पुरणार?

झेब्राफिश हा भारतीय उपखंडातल्या ओढ्यांतला, बोटाच्या दोन पेरांएवढा मासा. त्याच्या हृदयाचा पाचवा हिस्सा कापला तरी दोन महिन्यांत तो भरून येतो, हे २००२ मध्ये दिसलं. उंदराचं एक दिवसाचं पिल्लूही हे करू शकतं. सात दिवसांचं झालं की करू शकत नाही. म्हणजे सस्तनांचं हृदय ही कला घेऊन जन्मतं आणि आठवड्याभरात तिला कुलूप लावतं. जगभर हृदयावर काम करणारे कितीतरी लोक त्या कुलपाची किल्ली शोधताहेत.

हृदयावरच्या वणाला मात्र शिव्या देऊ नका. तो घट्ट बसला नाही तर रक्ताच्या दाबाने हृदयाची भिंत फाटते.

ढोल-ताशाने कान बसतात ते परत येतात का?

थोड्या वेळाने दडे सुटल्यासारखं वाटतं, म्हणून लोकांना वाटतं कान बरा झाला. प्रत्येक कानाच्या आतल्या भागात आवाज टिपणाऱ्या पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. जन्मताना मिळतात त्या तेवढ्याच. मोठ्या आवाजाने त्या थकतात, वारंवार झालं की मरतात, आणि सस्तन प्राण्यांत मेलेली केसपेशी परत येत नाही. कोंबडीत येते! १९८८ मध्ये दोन वेगवेगळ्या प्रयोगांतून हे सिद्ध झालं की आवाजाने बहिऱ्या झालेल्या पक्ष्यांच्या केसपेशी काही आठवड्यांत नव्या उगवतात. आपल्याला ते भाग्य नाही.

८५ डेसिबलचा आवाज आठ तास, हे कामगारांसाठी मानलेलं सुरक्षित प्रमाण आहे. दर तीन डेसिबल वाढले की मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. सीओईपी या पुण्यातल्या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी गेली अनेक वर्षं विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर आवाज मोजत आले आहेत, आणि १०० डेसिबलच्या वरच्या नोंदी त्यात नवीन नाहीत.

पथकात वाजवणाऱ्या मुलामुलींवर माझं प्रेम आहे. त्यांची शिस्त, तालाची समज आणि भर उन्हात कमरेला ढोल बांधून चालायची ताकद मी दर वर्षी डोळे भरून बघते. म्हणूनच सांगते: गणपतीच्या आधी महिना-दोन महिने नदीकाठी सराव चालतो, नुकसान तिथेच जास्त होतं, कारण ते रोजचं असतं. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे इअरप्लग घाला. ताल ऐकू येतो, कारण ढोल अंगातूनही ऐकू येतो. ताशा वाजवणाऱ्यांनी तर घालावेतच, ताशाचा टणत्कार थेट कानापाशी असतो. लहान बाळांना मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीजवळ नेऊ नका.

गांडूळ मधून कापलं तर दोन होतात ना?

नाही. डोक्याकडचा भाग पुरेसा मोठा असेल तर तो शेपटी उगवू शकतो, शेपटीकडचा भाग बहुधा मरतो. दोन होतात ते प्लॅनेरिया नावाच्या चपट्या कृमीचे. त्याच्या शरीरभर मूलपेशी पसरलेल्या असतात. जीवशास्त्रज्ञ टी. एच. मॉर्गन यांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी नोंदवलं की शरीराच्या २७९ व्या हिश्श्याएवढ्या तुकड्यातूनही तो पुरता उभा राहतो. पावसाळ्यात अंगणात आलेल्या गांडुळांवर मुलांना हा प्रयोग करू देऊ नका.

कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात सांबराची शिंगं गळलेली दिसली. ती आजारी होती का?

नाही, ती नव्या शिंगांची तयारी. चितळ आणि सांबराच्या नरांची शिंगं गळतात आणि पुन्हा येतात. हाड, कूर्चा, रक्तवाहिन्या, नसा आणि मखमली त्वचा यांसकट अख्खा अवयव पुन्हा उगवण्याचं सस्तनांमधलं हे सगळ्यात ठळक उदाहरण. मोठ्या जातींत शिंग दिवसाला दोन सेंटीमीटरपर्यंत वाढतं. तिथेच पलीकडे काळवीट असेल, त्याचं शिंग मात्र एकदाच येतं आणि गळत नाही. दोघांपुढे थोडा वेळ उभे राहून मुलांना फरक दाखवा.

पडलेले दात पुन्हा आणता येतील का?

दुधाचे आणि कायमचे, असे दोनच संच आपल्याला मिळतात. शार्कला आयुष्यभर मिळत राहतात. यूसॅग-१ हे दातांची वाढ रोखणारं एक प्रथिन आहे. ते अडवलं की उंदीर आणि फेरेट या लहान सस्तन प्राण्यामध्ये जास्तीचा दात उगवतो हे जपानी संशोधकांनी दाखवलं आणि २०२४ मध्ये क्योटोत माणसांवर चाचणी सुरू केली. पहिला टप्पा औषध सुरक्षित आहे का एवढंच बघण्याचा. तोवर रात्री दात घासून झोपा.

औषध देऊन हातपाय उगवण्याच्या जवळपास कुणी पोचलंय का?

इथे एक भारतीय गोष्ट सांगितलीच पाहिजे. ओडिशातल्या उत्कल विद्यापीठात प्रियंबदा मोहंती-हेजमाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका बेडकाच्या पिल्लांच्या शेपट्या कापून त्यांना अ-जीवनसत्त्वाच्या द्रावणात ठेवलं. शेपटीच्या जागी पाय उगवले! १९९२ मध्ये ‘नेचर’मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि जगभरच्या प्रयोगशाळा चकित झाल्या. अ-जीवनसत्त्वापासून बनणारं रेटिनॉइक आम्ल पेशींना त्यांचा पत्ता सांगतं. पत्ता चुकला म्हणून शेपटीच्या जागी पाय आला.

तोच धागा २०२५ मध्ये चीनमधल्या संशोधकांच्या कामात पुन्हा दिसला. सशाच्या कानाला भोक पाडलं तर ते भरून येतं, उंदराचं येत नाही. उंदराच्या जखमेत रेटिनॉइक आम्ल पुरेसं तयारच होत नाही, कारण ते बनवणाऱ्या जनुकाचा जखमेच्या वेळी चालू होणारा खटका उत्क्रांतीत निकामी झालाय. बाहेरून ते आम्ल दिल्यावर उंदराचा कानही कूर्चेसकट भरून आला. सगळी यंत्रणा शाबूत होती, एक खटका बंद होता. हे वाचलं त्या दिवशी मला फार आनंद झाला.

२०२२ मध्ये अमेरिकेत प्रौढ बेडकाच्या तुटलेल्या पायावर पाच औषधं भरलेली सिलिकॉनची टोपी फक्त २४ तास बसवली. पुढच्या १८ महिन्यांत हाड, नसा आणि बोटांची सुरुवात असलेला, हलवता येणारा पाय आला. पूर्ण नव्हे, पण नुसता सुळकाही नव्हे. माणसाच्या हातापर्यंतचं अंतर अजून लांबचं आहे.

आणि कृपया, हे वाचून अ-जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊ नका. जास्त झालं तर ते यकृताला घातक आहे, आणि गरोदरपणात बाळात व्यंग आणू शकतं.

स्टेम सेल थेरपीची जाहिरात पाहिली. लाखभर रुपये सांगताहेत. घ्यावी का?

या प्रश्नाने मला झोप लागत नाही. हतबल घरातला माणूस दागिने मोडून असले पैसे भरतो. रक्ताच्या कॅन्सरसारख्या आजारांसाठी बोन मॅरो प्रत्यारोपण हा मूलपेशींचा पक्का, जुना, मान्य उपचार आहे. त्यापलीकडे औषध नियंत्रकांनी मोजक्या उत्पादनांना ठरावीक आजारांपुरती परवानगी दिली आहे. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बाकी सगळं फक्त नोंदणीकृत क्लिनिकल ट्रायलमध्येच करता येतं. ट्रायलमध्ये भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. तेव्हा दोनच गोष्टी विचारा: सीटीआरआयचा (क्लिनिकल ट्रायलच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक काय, आणि पैसे कशाचे? उत्तर गुळमुळीत आलं तर उठून या. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मज्जारज्जूची इजा यांच्या नावाखाली सगळे आजार एकाच इंजेक्शनने बरे करतो म्हणणाऱ्याकडे तर बसूही नका.

जखम लवकर भरायला काय खावं?

पुरेशी प्रथिनं आणि क-जीवनसत्त्व: डाळी, अंडी, दूध, पेरू, आवळा. साखर ताब्यात ठेवा, तंबाखू आणि सिगारेट बंद करा. अवयव कशानेच उगवत नाही.

पुण्यात या विषयावर काम कुठे चालतं? मुलांना दाखवता येईल का?

आगरकर रस्त्यावरच्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर कित्येक वर्षं काम झालं आहे. हायड्रा हा गोड्या पाण्यात पाणवनस्पतींना चिकटून राहणारा, काही मिलिमीटरचा जीव. कापला तर प्रत्येक तुकड्यातून नवा होतो. पेशी सुट्या करून पुन्हा गोळा केल्या तरी त्या गोळ्यातून हायड्रा तयार होतो. आघारकर संस्थेतल्या अभ्यासात वर्णन केलेला हायड्राचा एक स्ट्रेन, म्हणजे वाण, जगभर ‘इंड-पुणे’ या नावाने ओळखला जातो. आपल्या गावाचं नाव पुनर्जननाच्या शोधनिबंधांत असं कायमचं बसलं आहे. पाषाणच्या आयसर या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेतही हायड्रावर संशोधन झालं आहे, आणि विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र पेशी आणि मूलपेशींवर काम करतं. विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास शहरातल्या संशोधन संस्था लोकांसाठी दारं उघडतात, तेव्हा चौकशी करून मुलांना न्या.

ज्यांना अवयव गमवावा लागला आहे त्यांच्यासाठी वानवडीचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. ते सैन्याचं आहे, पण नागरिकांनाही तिथे कृत्रिम हातपाय बसवून मिळतात. जाताना डॉक्टरांची कागदपत्रं, ऑपरेशनचा तपशील आणि एक्स-रे सोबत ठेवा. जखम पूर्ण भरलेली आणि सूज उतरलेली हवी, नाहीतर माप चुकतं.